बाराव्या नंबरवाल्याला एफ-वनची गाडी कशी मिळते? फॉर्म्युला टूच्या २०२४च्या हंगामाची उकल

करोनाच्या काळापासून आपल्याकडे फॉर्म्युला वन बघणारे बरेच वाढले. हॅमिल्टन, वर्स्टॅपेन, नॉरिस ही नावं आता शाळकरी पोरांनाही पाठ असतात. गोंधळ उडतो तो नव्याने येणाऱ्या चेहऱ्यांपाशी. २०२५च्या हंगामात एकदम बरीच नवी मुलं फॉर्म्युला वनच्या गाडीत दिसली. त्यातल्या चौघांची नावं घेऊ: गाब्रिएल बोर्तोलेतो, इसाक हाजार, किमी अँटोनेली आणि ऑलिव्हर बेअरमन. चौघंही आदल्या वर्षी फॉर्म्युला टू खेळत होते. तिथला शेवटचा गुणतक्ता उघडला, की बोर्तोलेतो पहिला आणि हाजार दुसरा दिसतो. इथवर ठीक. पण अँटोनेली सहावा आणि बेअरमन चक्क बारावा. तिसरा आलेला एस्टोनियाचा पॉल आरोन मात्र राखीव चालक म्हणून बाहेर बसला.

पुढच्या वर्षी तर कमाल झाली. २०२५चा फॉर्म्युला टू विजेता इटलीचा लिओनार्दो फोर्नारोली याला २०२६साठी फॉर्म्युला वनमध्ये जागाच मिळाली नाही. जागा मिळाली आर्विड लिंडब्लाडला, जो पहिल्या तिघांतही नव्हता. हे पाहून कोणीही विचारेल, मग ही स्पर्धा भरवायची कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी २०२४चा हंगाम घेऊ, कारण या स्पर्धेचे सगळे नखरे त्या एका वर्षात पाहायला मिळाले.

आधी पाया: ही स्पर्धा आहे तरी काय

चाकं उघडी, बसायला एकच जागा, असल्या गाड्यांच्या शर्यतींची एक उतरंड आहे. तळाशी कार्टिंग, म्हणजे चिमुकल्या गाड्यांच्या शर्यती, मग फॉर्म्युला फोर, मग प्रादेशिक मालिका, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू आणि सर्वांत वर फॉर्म्युला वन. यापुढे शेवटच्या दोघींना एफ-टू आणि एफ-वन म्हणू.

एफ-टूचं आजचं रूप २००५मध्ये जीपी-टू या नावाने सुरू झालं. पहिला विजेता निको रॉसबर्ग, दुसऱ्या वर्षीचा लुईस हॅमिल्टन. दोघंही पुढे जगज्जेते झाले. २०१७पासून ती फॉर्म्युला टू म्हणून ओळखली जाते. त्या वर्षी शार्ल लक्लेर जिंकला, २०१८मध्ये जॉर्ज रसेल, २०२१मध्ये ऑस्कर पियास्त्री. २०१८चे पहिले तिघं म्हणजे रसेल, लँडो नॉरिस आणि अॅलेक्स अल्बन, आणि ते तिघंही पुढच्याच वर्षी एफ-वनमध्ये होते. म्हणजे यादीप्रमाणे भरती होतच नाही असं नाही. काही वर्षी होते, काही वर्षी नाही.

एफ-वन आणि एफ-टूमधला सर्वांत मोठा फरक गाडीत आहे. एफ-वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो. एफ-टूमध्ये सगळ्यांना एकच गाडी. सांगाडा इटलीच्या दल्लारा कंपनीचा, इंजिन मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स, साधारण ६२० हॉर्सपॉवरचं, आणि टायर पिरेलीचे. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वळणावर मनगटं आणि खांदे खरोखर कामाला लागतात. २०२४मध्ये अकरा संघ होते, प्रत्येकी दोन चालक, म्हणजे बावीस गाड्या. मार्चमध्ये बहरीनला सुरू झालेला हंगाम डिसेंबरात अबू धाबीला संपला. एकूण १४ वीकेंड, २८ शर्यती, आणि सगळ्या एफ-वनच्याच ट्रॅकवर, त्याच दिवसांत, त्याच बड्या संघप्रमुखांच्या नजरेसमोर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

एका वीकेंडला दोन शर्यती, त्यातल्या एकीची रांग उलटी

गुणतक्ता वाचताना बहुतेकांची फसगत इथेच होते.

सहसा शुक्रवारी पाऊण तासाचा एकच सराव मिळतो. मग अर्ध्या तासाचं क्वालिफाइंग, म्हणजे सर्वांत वेगवान एक फेरी मारायची आणि त्यावरून सुरुवातीची रांग ठरवायची. पहिल्या येणाऱ्याला पोल पोझिशन आणि २ गुण.

समजा तुम्ही पोल मारली. शनिवारच्या छोट्या शर्यतीला, जिला स्प्रिंट म्हणतात, तुम्ही कुठून निघणार? दहाव्या जागेवरून. कारण स्प्रिंटसाठी पहिल्या दहा जणांची रांग उलटी लावतात. क्वालिफाइंगमध्ये दहावा आलेला सर्वांत पुढे उभा राहतो. रविवारच्या मोठ्या शर्यतीला, फीचर रेसला, रांग सुलटी असते आणि तुम्ही पुन्हा पहिले.

उलट्या रांगेमागचा हेतू सरळ आहे. वेगवान मुलांना गर्दीतून वाट काढता येते का ते दिसावं आणि प्रेक्षकांना मजा यावी. पण म्हणूनच दोन्ही शर्यतींची किंमत सारखी ठेवलेली नाही. स्प्रिंट जिंकल्यास १० गुण, फीचर जिंकल्यास २५. स्प्रिंटमध्ये पहिल्या आठांना गुण, फीचरमध्ये पहिल्या दहांना. त्यामुळे ‘अमुक चालकाने यंदा इतक्या शर्यती जिंकल्या’ असं कोणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: त्यातल्या फीचर किती?

फीचर रेसमध्ये आणखी एक अट असते. टायर बदलण्यासाठी एकदा तरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजपाशी, यावंच लागतं. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या अटीने २०२४मध्ये भल्याभल्यांचे हिशेब फिरवले.

मोनॅकोचंच बघा. त्या अरुंद रस्त्यांवर पुढे जाणं जवळपास अशक्य. हाजार शर्यत जिंकणार असं चित्र होतं. ब्रिटनचा झॅक ओ’सुलिव्हन पंधराव्या जागेवरून निघाला होता. त्याने सक्तीचा पिट स्टॉप लांबवत लांबवत अगदी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत नेला. पुढच्या सगळ्यांचे स्टॉप उरकलेले, त्यामुळे तो पुढे दिसत होता, पण ती आघाडी उसनी होती. स्टॉप घेतला की तो मागे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात व्हर्च्युअल सेफ्टी कार लागली. म्हणजे ट्रॅकवर काही धोका असल्याने सगळ्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत हळू चालवायचं. बाकीचे हळू असताना पिटमध्ये जाऊन आलं तर तोटा फार कमी होतो. ओ’सुलिव्हन नेमका त्याच वेळी आत गेला आणि हाजारच्या पुढे बाहेर आला. २५ गुण त्याला, १८ हाजारला. हाजारने त्या दिवशी काय चुकीचं केलं? काहीच नाही.

गाडी एकच, मग फरक कशाचा पडतो?

‘सगळ्यांना सारखी गाडी म्हणजे जिंकतो तो सर्वांत चांगला चालक’ हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

गाडीचे भाग सारखे असतात, पण ती जुळवायची कशी हे संघाच्या हातात असतं. पंखांचा कोन किती, गाडी जमिनीपासून किती उंच, स्प्रिंग किती कडक, टायरमध्ये हवा किती. यातला कणभर फरकही फेरीच्या वेळेत उतरतो आणि बावीस गाड्या एका-दीड सेकंदात गोळा झालेल्या असताना तेवढ्यावर चार-पाच जागा इकडच्या तिकडे होतात. त्यात पिरेलीचे टायर मुद्दाम लवकर झिजणारे. पहिल्याच फेऱ्यांमध्ये जोर लावणारा पोरगा शेवटच्या दहा फेऱ्यांत हतबल होऊन मागे मागे जातो, असं एफ-टूमध्ये नेहमी दिसतं. टायर सांभाळून चालवायचं कौशल्य इथे नुसत्या वेगाइतकंच मोलाचं.

२०२४मध्ये याहून मोठी उलथापालथ झाली, कारण गाडीच नवी आली. आधीच्या गाडीची वर्षानुवर्षं साठवलेली माहिती एका रात्रीत निकामी झाली आणि सगळ्या संघांना पाटी कोरी करून बसावं लागलं. याचा सर्वांत मोठा फटका प्रेमा या इटालियन संघाला बसला. प्रेमा म्हणजे या उतरंडीतलं सगळ्यांत वजनदार नाव. लक्लेर, पियास्त्री आणि मिक शूमाकर तिथूनच एफ-टू जिंकून गेले. त्या वर्षी प्रेमाच्या दोन गाड्यांत होते अँटोनेली आणि बेअरमन. हंगाम सुरू होण्याआधी विजेतेपद या दोघांतच जाणार असं बोललं जात होतं. नव्या गाडीची नस प्रेमाला लवकर सापडली नाही आणि दोघंही महिनोन्‌महिने मधल्या गर्दीत अडकून राहिले.

उलट इन्व्हिक्टा या संघाला ती सापडली. संघांचं विजेतेपदही त्यांनीच घेतलं. त्यांच्या दोन चालकांपैकी एक बोर्तोलेतो, आणि दुसरा आपला बंगळुरूचा कुश मैनी. त्याच्याकडे पुढे येऊच.

चार विजय हरले, दोन विजय जिंकले

हाजारने २०२४मध्ये चार फीचर शर्यती जिंकल्या: मेलबर्न, इमोला, सिल्व्हरस्टोन आणि स्पा. बोर्तोलेतोने अख्ख्या वर्षात दोन, ऑस्ट्रिया आणि मोन्झा. तरी विजेता बोर्तोलेतो, २१४.५ गुणांनी. हाजारचे १९२.

इथे शेरेबाजी करणारे लगेच म्हणतात, नशीब. मला ते पटत नाही. बोर्तोलेतोची खासियत अशी की वाईट दिवशीही तो चौथा-पाचवा यायचा. हाजार वाईट दिवशी हात हलवत परतायचा. मेलबर्नच्या स्प्रिंटमध्ये रेषा सर्वांत आधी ओलांडली ती हाजारनेच, पण सुरुवातीच्या धडकेबद्दल शिक्षा झाली आणि विजय रोमान स्टानेकच्या नावावर गेला. अशा लहान लहान गळत्या २८ शर्यतींच्या हंगामात साठत जातात.

बोर्तोलेतोचा मोन्झाचा रविवार मात्र वेगळा काढून सांगण्याजोगा. क्वालिफाइंगमध्ये त्याची गाडी घसरली आणि वेळ नोंदवताच आली नाही. रविवारी तो बाविसाव्या जागेवर, म्हणजे अगदी शेवटी उभा. शर्यत संपली तेव्हा पहिला. एफ-टूमध्ये शेवटच्या जागेवरून कोणी जिंकल्याची ही पहिलीच वेळ. मोन्झाला सरळ रस्ते लांबलचक, पुढे जायला वाव भरपूर, हे खरं. शेवटून निघणाऱ्याला गमावण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याचा संघ पिट स्टॉपच्या बाबतीत बेधडक डाव टाकू शकतो, हेही खरं. पण डाव टाकल्यावर समोरच्या गाड्या प्रत्यक्ष मागे टाकायच्या आणि टायरही शाबूत ठेवायचे, हे काम चालकाचं. आणि एफ-वनचे संघ त्या वीकेंडला तिथेच होते. सौबर या एफ-वन संघाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोर्तोलेतोची पुढच्या वर्षासाठी घोषणा केली. एफ-टूचं विजेतेपद तेव्हा अजून ठरायचं होतं, हे विशेष.

अर्धा गुण आणि बंद पडलेलं इंजिन

हंगामाच्या शेवटच्या वीकेंडला अबू धाबीत आले तेव्हा बोर्तोलेतो आणि हाजार यांच्यात अंतर होतं फक्त अर्ध्या गुणाचं. बोर्तोलेतो पुढे.

८ डिसेंबरला फीचर रेस. सगळ्या गाड्या रांगेत, दिवे लागले, विझले, आणि हाजारची गाडी जागची हललीच नाही. इंजिन बंद.

हे कसं होतं? या गाड्यांमध्ये सुरुवातीला क्लच हाताने सोडावा लागतो, स्टिअरिंगमागच्या पट्टीने. थोडा जास्त पटकन सुटला तर चाकं जागेवरच फिरतात, इंजिनाचे फेरे कमी पडले तर ते दम तोडतं. एफ-टूमध्ये बंद पडलेली गाडी चालकाला बसल्या जागी बटण दाबून सुरू करता येत नाही. ढकलत पिट लेनमध्ये न्यायची, तिथे मेकॅनिक बाहेरून यंत्र लावून ती सुरू करणार. तोवर बाकीचे फेऱ्या मारून पुढे गेलेले असतात. हाजार पुन्हा ट्रॅकवर आला तेव्हा त्याचं विजेतेपद संपलेलं होतं. पॅराग्वेचा जोशुआ डर्कसेन जिंकला, बोर्तोलेतो दुसरा आला आणि हंगाम मिटला.

रांगेत बंद पडलेली गाडी नुसती दुर्दैवी नसते, धोकादायकही असते. त्याच वर्षी बाकूला फीचर रेसच्या सुरुवातीला मैनीची गाडी अशीच उभी राहिली आणि मागून सुसाट येणाऱ्या गाड्या तिच्यावर आदळल्या. ते दृश्य पाहवत नव्हतं. सुदैवाने मुलं धडधाकट बाहेर पडली.

मग एफ-वनची जागा नक्की कोण देतं?

एफ-वन चालवायला परवाना लागतो, त्याला सुपर लायसन्स म्हणतात. जागतिक संघटना एफआयए तो देते. साधारण अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि गेल्या तीन हंगामांत मिळून ४० गुण हवेत. हे गुण शर्यतीतले नव्हेत, वर्षअखेरच्या क्रमांकाचे. एफ-टूत पहिल्या तिघांना थेट ४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०, सातव्याला ८. खालच्या मालिका जिंकल्या तर त्यांचेही मिळतात, पण कमी.

आपल्याकडच्या एमपीएससीसारखं हे प्रकरण आहे. परीक्षा पास झालात, यादीत नाव आलं, तरी नेमणूक रिकाम्या जागा किती यावर. आणि इथे तर जागा भरणाऱ्या कार्यालयाला यादीतला पहिलाच घ्यायचं बंधन नाही. पात्र असला की पुरे.

जागा किती? २०२५मध्ये दहा संघ, वीस चालक. २०२६मध्ये कॅडिलॅक हा अकरावा संघ आला, दोन जागा वाढल्या, आणि त्यांनी त्या दोन्ही मुरलेल्या चालकांना, सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास यांना दिल्या. एरवी वर्षाला दोन-तीन जागा रिकाम्या झाल्या तरी पुष्कळ.

म्हणूनच एफ-वनचे संघ पोरं लहानपणीच हेरून ठेवतात. रेड बुल, फेरारी, मर्सिडीज, मॅक्लारेन यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजना आहेत. ते खर्च उचलतात, सिम्युलेटरवर बसवतात आणि किमान दोन वर्षं जुन्या एफ-वन गाडीत खासगी चाचण्या देतात. अँटोनेली मर्सिडीजचा. २०२२मध्ये इटलीची फॉर्म्युला फोर आणि २०२३मध्ये युरोपातली प्रादेशिक मालिका जिंकल्यावर त्यांनी त्याला फॉर्म्युला थ्री गाळून थेट एफ-टूत बसवलं, सतराव्या वर्षी. त्याच वर्षी जुन्या मर्सिडीजमधून त्याच्या चाचण्याही चालू होत्या. ब्रेक किती उशिरा मारतो, टायर किती जपतो, इंजिनीअरला काय सांगतो, याची सगळी मोजमापं मर्सिडीजकडे होती. प्रेमाची गाडी चालत नव्हती, म्हणून तो सहावा आला, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बेअरमनची गोष्ट तर आणखी सोपी. मार्च २०२४, जेद्दाह. गुरुवारी त्याने एफ-टूची पोल मारली. शुक्रवारी फेरारीच्या कार्लोस साईन्झला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी जावं लागलं आणि फेरारीने आपल्या या राखीव पोराला गाडीत बसवलं. वय अठरा. सरावाला एकच तास. क्वालिफाइंगमध्ये अकरावा, शर्यतीत सातवा. सप्टेंबरमध्ये बाकूला हास संघाच्या केव्हिन मॅग्नसनवर एका शर्यतीची बंदी आली, तिथेही बेअरमन, आणि दहावा येऊन एक गुण. या दोन्ही वीकेंडना त्याच्या एफ-टूच्या शर्यती बुडाल्या, म्हणजे एकूण चार. बारावा क्रमांक दिसतो त्यातला काही भाग या सुट्ट्यांचा आहे. खऱ्या एफ-वन शर्यतीत गुण मिळवून दाखवल्यावर हासने त्याचा एफ-टूचा तक्ता कशाला बघावा?

अर्जेंटिनाच्या फ्रँको कोलापिंटोलाही हंगाम अर्धवट सोडावा लागला. इमोलाची स्प्रिंट जिंकलेला हा मुलगा ऑगस्टअखेर मोन्झापासून विल्यम्सच्या एफ-वन गाडीत गेला आणि एफ-टूच्या तक्त्यात त्याचं नाव हळूहळू खाली सरकत राहिलं.

‘म्हणजे हा वशिलाच की!’

काही प्रमाणात, हो. कोणत्या संघाच्या छत्राखाली तुम्ही आहात, याला फार वजन आहे. आणि त्याआधी पैसा. एफ-टूच्या एका हंगामाचा खर्च वीस ते तीस लाख युरो सांगितला जातो, म्हणजे आपले वीस-तीस कोटी रुपये. तो उचलायला घरचे, प्रायोजक किंवा एखादा एफ-वन संघ लागतो. कार्टिंगपासूनची वर्षं धरली तर आकडा कुठल्या कुठे जातो. गरिबाघरचं पोर इथवर येणं अपवादच, आणि हे झाकण्यात अर्थ नाही.

पण वशिल्याने गाडी मिळते, टिकत नाही. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजली जाते आणि शेजारी त्याच गाडीत दुसरा चालक असतो.

मला खटकतं ते वेगळंच. एफ-टू जिंकणाऱ्याला पुन्हा एफ-टू खेळता येत नाही, असा नियम आहे. जागा अडू नये म्हणून केलेला, हेतू चांगला. पण एफ-वनमध्ये जागा नसेल तर विजेता जाणार कुठे? २०२२चा विजेता ब्राझीलचा फेलिपे ड्रुगोविच अॅस्टन मार्टिनचा राखीव चालक झाला. २०२३चा विजेता फ्रान्सचा तेओ पुर्शेर सौबरचा राखीव. पियास्त्रीनेही २०२२ हे अख्खं वर्ष अल्पीनच्या बाकावर काढलं, मग मॅक्लारेनने त्याला उचलला. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, हात सर्वांत चालू असताना, शर्यतीविना वर्ष घालवणं फार महाग पडतं. दुसरा-तिसरा आलेला पुढच्या वर्षी पुन्हा खेळून नजरेत राहतो आणि विजेता कानाला हेडफोन लावून गॅरेजमध्ये उभा! यावर तोडगा काढायला हवा असं वर्षानुवर्षं बोललं जातं, निघत मात्र नाही.

‘वर्स्टॅपेनने तर एफ-टू केलीच नाही’

खरं आहे. मॅक्स वर्स्टॅपेन २०१४मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्री खेळला आणि २०१५मध्ये सतराव्या वर्षी थेट एफ-वनमध्ये उतरला. तेव्हा आजचे नियम नव्हते. त्याच्या त्या उडीनंतरच एफआयएने वयाची अट आणि गुणांची पद्धत आणली. आज तसाच दुसरा वर्स्टॅपेन आला तरी त्याला ४० गुण कुठून तरी गोळा करावेच लागतील, आणि त्याचा सर्वांत जवळचा रस्ता एफ-टूच्या पहिल्या तिघांतून जातो. शिवाय २०२५चा जगज्जेता नॉरिस हा एफ-टूचाच, २०१८चा उपविजेता.

आपली पोरं कुठे आहेत?

चेन्नईचा करुण चांढोक जीपी-टूच्या काळात २००७मध्ये स्पाला स्प्रिंट जिंकला होता, पुढे २०१०मध्ये एफ-वनपर्यंत पोहोचला. एफ-टू या नावाखाली शर्यत जिंकणारा पहिला भारतीय मात्र मुंबईचा: जेहान दारूवाला. ६ डिसेंबर २०२०, बहरीनचा साखीर ट्रॅक, स्प्रिंट. २०२२मध्ये मोन्झाची फीचर रेसही त्याने जिंकली. रेड बुलच्या छत्राखाली तीन वर्षं, मॅक्लारेनच्या जुन्या एफ-वन गाडीत चाचणीही झाली. एफ-टूमध्ये त्याचे क्रमांक अनुक्रमे बारावा, सातवा, सातवा, अकरावा. आता सुपर लायसन्सचा हिशेब आठवा: सातव्याला ८. पुढे तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडे वळला.

कुश मैनीची २०२४ची कहाणी चढउतारांची. बहरीनला, हंगामातल्या पहिल्याच क्वालिफाइंगमध्ये तो पहिला आला आणि गाडीतल्या तांत्रिक त्रुटीमुळे बाद ठरला. हंगेरीत उलट घडलं: स्प्रिंटचा विजेता तांत्रिक कारणाने बाद झाला आणि विजय मैनीला मिळाला. वर्षअखेर तेरावा. ज्या संघाच्या गाडीत बोर्तोलेतो विजेता ठरला, त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत. हे कठोर वाटेल, पण एफ-वनवाले सर्वांत आधी हीच तुलना करतात. पुढच्या वर्षी, मे २०२५मध्ये, त्याने मोनॅकोची स्प्रिंट जिंकली. तीही उलट्या रांगेची शर्यत, हे खरं, पण मोनॅकोत शेवटपर्यंत भिंत न घासता पुढे राहणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

आपल्याकडे एफ-वनच्या दर्जाचा ट्रॅक आहे तो ग्रेटर नोएडाला. शर्यतीचे जुने ट्रॅक चेन्नई आणि कोइमतूरला. महाराष्ट्रात कार्टिंग होतं, कोल्हापुरातही पोरं त्यात घडतात, पण मोठ्या गाडीच्या सरावासाठी दक्षिणेत आणि तेरा-चौदाव्या वर्षी युरोपात जावं लागतं. दारूवालालाही जावं लागलं.

मग तक्त्याचा उपयोग काय?

फीचर रेसचे निकाल आणि क्वालिफाइंग आधी बघा, स्प्रिंट नंतर. मग प्रत्येक चालकाची तुलना त्याच्याच संघातल्या दुसऱ्याशी करा. त्यानंतर तो किती वर्षं या स्पर्धेत आहे ते पाहा. पहिल्याच वर्षी सहावा आलेला सतरा वर्षांचा मुलगा आणि चौथ्या वर्षी तिसरा आलेला चोविशीचा तरुण, यांत संघ कोणाकडे वळतील हे सांगायला नको. बोर्तोलेतोही एफ-टूत पहिल्याच वर्षी जिंकला, आदल्या वर्षी फॉर्म्युला थ्री जिंकून आला होता. म्हणून त्याच्यासाठी दार उघडलं.

आणि २०२४च्या त्या मुलांचं पुढे काय झालं? हाजार मेलबर्नला आपल्या पहिल्याच एफ-वन शर्यतीआधीच्या फेरीत भिंतीवर जाऊन बसला, ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला तिसरा आला आणि २०२६साठी थेट वर्स्टॅपेनच्या शेजारच्या गाडीत गेला. अँटोनेलीने कॅनडात तिसरा क्रमांक मिळवला. बारावा बेअरमन मेक्सिकोत हासची गाडी घेऊन चौथा आला. तिसऱ्या क्रमांकाच्या आरोनला २०२५मध्ये अल्पीनने राखीव ठेवलं. मधूनअधून शुक्रवारच्या सरावात तासाभरासाठी एफ-वनची गाडी त्याच्या वाट्याला आली, तीही दोनदा उसन्या संघात, सौबरच्या.